शालूवहिनीचा धबधबा

आषाढ पौर्णिमेच्या आसपासची सकाळ होती. प्रज्ञाचा फोन आला. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणून ती थांबली. मी विचारलं, "कोणी सांगितलं?" मग प्रज्ञा रडता रडता हसली आणि म्हणाली, "आत्या, मीच सांगून राहिली ना…" फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तो प्रश्न माझा नव्हताच. कोणतीही बातमी कानावर आली की शालूवहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, आधी हेच विचारायची. लग्न जमल्याची असो, पाऊस लांबल्याची असो नाही तर कोणी गेल्याची.

त्याच आठवड्यात मी नागपुरातच बेशाला तिच्या फ्लॅटवर जाऊन आले होते. छातीत भरून येतं म्हणून प्रज्ञाने तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या आणि डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं होतं. वहिनी खिडकीशी बसून तो रिपोर्ट उजेडासमोर धरून पाहत होती. "सगळं नॉर्मल हाय म्हणते. माया, माह्या वयात इतकं नॉर्मल कोणाचंच नसते वं. हा माणूस काहीतरी दाबून राहिला." आम्ही दोघी तिच्यावर हसलो. तिने चहाचा कप उचलला, वास घेतला आणि दूध कालचं आहे का म्हणून प्रज्ञाला विचारलं. दूध कालचंच होतं.

माझा मोठा भाऊ सुधाकर, त्याची ही बायको. मी कॉलेजात असताना ती लग्न होऊन नागपूरजवळच्या वाडी गावातल्या आमच्या खोल्यांत आली. अमरावती रोडला लागून ट्रान्सपोर्टची गोदामं होती, दिवसरात्र ट्रक लागलेले असायचे, भांड्यांवर धूळ बसायची. दादा अशाच एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर होता. वहिनी जवळच्या एका शाळेत क्लार्क होती. पोरांच्या जन्मतारखा खाडाखोड करून आणणारे पालक तिच्या टेबलापुढे रोज उभे राहायचे. ती दाखला उजेडासमोर धरायची, मग पालकांकडे बघायची आणि अगदी सहज विचारायची, "पोरगी कोनत्या सणाच्या मागंपुढं झाली होती?" उत्तर आत दडलेलं असेल असा प्रश्न ती कधीच विचारत नसे. "आपणच उत्तर हातात देल्लं तर समोरचा तेच परत देते," असं ती मला सांगायची. घरातही तेच. दादा त्यावरून तिला फार चिडवायचा. बाजारातून भाजी आणली की पिशवी तिच्यासमोर ठेवून म्हणायचा, "घ्या साहेब, पंचनामा करा."

प्रज्ञा पहिलीत होती त्या वर्षी, भर पावसाळ्यात, दादा गोदामातल्या तीन मित्रांबरोबर धबधब्यावर गेला. नागपूरपासून गाडीने दोनेक तास, सातपुड्याच्या पायथ्याशी सागाचं जंगल आहे, त्यात तो धबधबा. नाव मुद्दामच लिहीत नाही. संध्याकाळी तिघे परत आले, दादा आला नाही. दोन दिवसांनी तो खाली नाल्यात सापडला, तोवर तपासण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तिघांनी सांगितलं ते असं: काठावरच्या ऐनाच्या मोठ्या झाडाखाली ते स्वयंपाक करत बसले होते, सुधाकरने थोडी जास्त घेतली होती, कोणाचं न ऐकता तो धबधब्याच्या वरच्या खडकावर चढला, त्याचा पाय घसरला आणि तो डोळ्यांदेखत डोहात गेला. दादा कधीमधी घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसला. आमच्या आईचासुद्धा. वस्तीत आणि मग शाळेतही प्रज्ञाच्या कानावर तेच यायचं, दारू पिऊन मेला.

दिलीप हा दादाचा सगळ्यात जवळचा मित्र, त्या तिघांतला एक. दादाचा शर्ट, घड्याळ आणि चपला पेपरात गुंडाळून त्यानेच घरी आणून दिल्या. दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर वहिनीने तो शर्ट धुवायला काढला आणि हातात धरून बसून राहिली. मग मला आत बोलावलं. शर्टाची वरची बटणं नव्हती. एका जागी तर बटणाबरोबर कापडही फाटून गेलं होतं. "हा माणूस रात्री झोपतानी शर्ट घडी करून ठेवे," ती म्हणाली. "आन् घसरून पडला तर शर्ट काठावर कसा राह्यला? कोरडा? कोणीतरी गचांडी धरली त्याची, माया." मला ते पटेना, पण शर्ट तर समोर होता. तिने तो न धुताच पेटीत ठेवला. मला बजावलं, "बटनाचं कोणापाशी बोलू नको. एकदा तोंडातून निघालं का त्यायले उत्तर तयार करता येते." पुढे पोलिसांत जाऊन तिने तिघांचे जबाब ऐकले. अपघात म्हणून प्रकरण मिटलं होतं, जबाब एकमेकांशी जुळत होते. तिला तेच खटकलं. परतीच्या ऑटोत ती म्हणाली, "तिघंबी म्हनते ‘डोळ्यांदेखत’. शब्दाले शब्द. तीन पोरायच्या पेपरात एकच चूक सापडली तर आपण काय समजतो वं?"

त्यानंतर ती धबधब्यावर जायला लागली. पहिल्यांदा थंडीत, मला सोबत घेऊन. एसटीने शेवटच्या गावापर्यंत, पुढे पायी. तेव्हा तिथे ना तिकीट होतं ना पार्किंग, रानातून एक पायवाट जायची एवढंच. पाणी कमी झालं होतं, पण काळ्या कड्यावरून अजून धार पडत होती आणि डोह हिरवा, अगदी शांत होता. मला पाहताक्षणी रडू फुटलं. वहिनी रडली नाही. जबाबातलं ते ऐनाचं झाड तिने शोधून काढलं, त्याच्या बुंध्याशी टेकून बसली आणि मला वरच्या खडकावर कोणी असलं तर दिसेल का म्हणून विचारलं. मधे बांबूचं बेट होतं, वेली होत्या. दिसत नव्हतं. मी म्हटलं, "आता पानं आहेत, म्हणून…" ती म्हणाली, "पावसाळ्यात याहून कमी असतीन का?"

पळस फुलला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. सागाची पानं गळून पायाखाली कुरकुरत होती, सगळं रान मोकळं झालं होतं, मोहाची फुलं वेचायला आलेल्या बायका दूरवर दिसत होत्या. झाडाखाली बसल्यावर बांबूच्या आरपार थोडं दिसायला लागलं होतं. वहिनी म्हणाली, अजून थांबू. मे महिन्यात गेलो तेव्हा कड्यावरून नुसतं ठिबकत होतं. डोह आटून त्याच्या काठाची आतली उघडी बाजू दिसत होती आणि त्यावर पावसाळी पाण्याची हिरवी रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. झाडांवर पाला कुठेच नव्हता. तरीही ऐनाखालून वरचा खडक दिसत नव्हता, कारण मधे कड्याचाच एक खांदा पुढे आलेला होता. वहिनी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "आता तर पानाचंबी निमित्त नाही," एवढंच ती बोलली. त्या दिवशी मलाही पटलं की तिघेही खोटं बोलले होते. आणि खोटं बोलले असतील तर कशासाठी, हा विचार डोक्यात आला की भर उन्हात अंगावर काटा यायचा.

पुढची किती तरी वर्षं हे चालू होतं. पावसाळ्यात कडा गर्जत असायचा, तुषारांनी साड्या भिजायच्या, बोललेलं ऐकू यायचं नाही. हिवाळ्यात डोहावर धुकं असायचं. आम्ही भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून न्यायचो. वहिनी डोहाकडे पाठ करून कधी जेवली नाही. इतर लोक तिथे फोटो काढायचे, गाणी म्हणायचे, आणि ती पाण्याकडे अशी बघायची की जणू त्याचा दाखला खोटा आहे. एकदा दिवाळीनंतर ऊन तिरपं पडून धारेत रंग उमटले होते. मी म्हटलं, वहिनी, बघ तर किती सुंदर. ती म्हणाली, "साजरं हाय. पण इतकं साजरं कशाले पाह्यजे?" आई तिला सारखी सांगायची, "गेला तो पोरी, आता खोदून काय भेटते?" वहिनी तरी भाकरी बांधायला घ्यायची.

या सगळ्या काळात दिलीप दर वर्षी प्रज्ञाच्या वाढदिवसाला घरी यायचा. दाराशी "जयभीम वहिनी" म्हणायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि फरशीकडे बघत राहायचा. त्याने आमच्या घरचं पाणी कधी प्यायलं नाही. दुसरे दोघे तर गावच सोडून गेले होते. हा का येतो? वहिनीला यातच सगळं दिसायचं. "पाप केलेला माणूस असा घिरट्या घालते," ती म्हणायची. मग दर वर्षी जाताना त्याला एकच गोष्ट सांगायची, "दिलीपभाऊ, एकदा आमच्यासंगं धबधब्यावर चाला." तो काहीतरी कारण सांगून सटकायचा. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे ती ज्या नजरेने बघायची, ती मला आजही नकोशी वाटते. खरं तर त्या वर्षांत मीही त्याच्याकडे तशीच बघत होते.

प्रज्ञा बारावीत होती त्या उन्हाळ्यात तो अचानक हो म्हणाला. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. त्या वर्षीच्या वाढदिवसाला प्रज्ञाने त्याला सरळच विचारलं होतं, "काका, माझे बाबा खूप प्यायचे का हो?" कदाचित तेच असेल. आम्ही तिघे गेलो, वहिनी, दिलीप आणि मी. मे महिन्याची सकाळ होती, तेंदूपानं तोडणारे लोक भारे घेऊन परतत होते. वहिनीने दिलीपला ऐनाखाली बसवलं. "तुमच्या जबाबात हेच झाड हाय." तो म्हणाला, "हो." "मंग दाखवा, सुधाकर कुठून घसरला ते." त्याने मान वर केली. समोर कड्याचा खांदा होता. तो बघत राहिला, बघतच राहिला… आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तो घसरलाच नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी घसरलो. दारू म्या पेली होती. वर म्या चढलो होतो."

तो सांगत राहिला. दादा खाली चुलीपाशी होता, त्याने घेतलीच नव्हती, गाडी चालवायची होती म्हणून. दिलीप डोहात पडल्याचा आवाज ऐकून तो खडकाला वळसा घालून धावत आला आणि त्याने उडी टाकली. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माझा भाऊ… त्याने दिलीपला खालून खांद्याने वर लोटलं, खडकाच्या कपारीला त्याचे हात लावून दिले. दिलीप वर आला. मागे वळून बघितलं तर दादा नव्हता. बाकीचे दोघे पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. परतताना गाडीत त्यांनी ठरवलं. दिलीपचं लग्न ठरलेलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. "ते दोघं म्हनले, मेलेल्याले आता काय फरक पडते. माही दारू आम्ही त्याच्या तोंडात टाकली, वहिनी."

मी ढसाढसा रडायला लागले होते. वहिनीने माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं. तिचा चेहरा बघून मी घाबरले, कारण तिचा त्याच्यावर अजिबात विश्वास बसलेला नव्हता. इतकी वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते हे नव्हतं. "हे चांगलं हाय," ती अगदी हळू म्हणाली. "मेलेला देवमाणूस, आन् तू नुसता दारुड्या. मारणारा कोणीच नाही. हे तुले कोणी शिकवलं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीत बोलली होती. तो म्हणाला, "कोणी नाही." मग तिने विचारलं, शाळेच्या टेबलापलीकडून विचारायची तसंच, सहज आवाजात, "उडी टाकतानी त्याच्या अंगात काय होतं?"

"पँट. फक्त पँट."

"मंग शर्ट?"

"धावता धावता काढला ना. म्या पाण्यातून पाह्यलं. बटनं काढायलेबी थांबला नाही वहिनी, दोन्ही हातानं असा…" आणि त्याने आपल्याच छातीशी दोन्ही मुठी धरून बाहेर ओढल्या. "असा फाडला. माह्या डोळ्यापुढून ते जात नाही. रोज दिसते."

बटणांबद्दल त्याला कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. वहिनी उठली, डोहाकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दिलीपपुढे धरली. त्याने ती घेतली, प्यायला लागला आणि त्याला ठसका लागला. "हळू," ती म्हणाली. "आता हे सगळं घरी येऊन सांगा. माह्या सासूपुढं, प्रज्ञापुढं. आन् तुमच्या बायकोले संगं आणा." पुन्हा अहोजाहो.

तो आला. बायकोला घेऊन आला. आमच्या त्या छोट्या खोलीत उभा राहून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईने ऐकलं आणि दादाच्या फोटोकडे बघून हात जोडले. दिलीपची बायको उठून निघून गेली. ती पुढे बरेच दिवस माहेरी राहिली असं कळलं. मला वाटलं होतं प्रज्ञाला सुटल्यासारखं होईल. पण ती उसळली. "म्हणजे मी घरी होती, तू घरी होती, आन् ते याला वाचवायला गेले? आपला विचार काहून नाही केला त्यांनी?" वहिनी म्हणाली, "मलेबी त्याले हेच विचारायचं हाय वं." मग त्या दोघी मायलेकी एकमेकींना धरून जे रडल्या, ते रडणं त्या घरात बारा वर्षांनी आलं होतं.

मला वाटलं होतं आता ती धबधब्यावर जाणं थांबवेल. नाही थांबवलं. निवृत्त झाली, बेशाला राहायला गेली, गुडघे दुखायला लागले, तरी ऋतू पालटला की तिचा फोन यायचा, "माया, येतं का?" आता तिथपर्यंत रस्ता झाला होता, कठडा आला होता, मक्याची कणसं विकणारे आले होते. ती पूर्वीसारखीच डोहाकडे तोंड करून बसायची. मी एकदा विचारलं, आता तर सगळं कळलं, अजून काय बघतेस? ती म्हणाली, "दिलीपनं त्याचं सांगितलं. ते दोघं कुठी हाय? त्यायनं तर अजून काहीच नाही सांगितलं." त्या दोघांकडून तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते आले असते तरी तिने त्यांचं पहिलं वाक्य खरं धरलं असतं असं मला वाटत नाही. आणि तिच्याबद्दल मी आज जे लिहिते आहे, तेही तिने खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं असतं.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाला दिलीप आला होता. केस पूर्ण पांढरे झालेत. शेवटी मागच्या रांगेतून उभा राहिला, "वहिनीनं मले…" एवढं म्हणाला आणि खाली बसला. प्रज्ञा त्याच्याजवळ जाऊन बसली.

मागच्या रविवारी प्रज्ञा आणि मी धबधब्यावर गेलो. वहिनीवाचून पहिल्यांदाच. प्रज्ञाला ती जागा कधीच आवडली नाही. आईच्या या येण्यावरून, तिच्या संशयी स्वभावावरून ती आयुष्यभर तिच्याशी भांडली. पाऊस थांबला होता, कडा भरून कोसळत होता, डोह गढूळ आणि फिरता होता. आम्ही कठड्याच्या अलीकडे बसलो. कुठल्या तरी ऑफिसातली तरुण माणसं सहलीला आली होती, मुलं-मुली मिळून बरीच. कठडा ओलांडून ती खालच्या ओल्या खडकावर उतरली आणि फोटोसाठी एकमेकांना पाण्याच्या बाजूला सरकवायला लागली. मी काही म्हणायच्या आत प्रज्ञा उठून कठड्यापाशी गेली. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. अगदी सहज आवाजात, पाण्याच्या वरून ऐकू जाईल एवढ्याच जोराने, तिने विचारलं, "तुमच्यातलं कोणी पाण्यात पडलं, तर उडी कोण टाकणार आहे?"

ती सगळी हसली. एक जण म्हणाला, "मॅडम, कोणी नाही पडत." प्रज्ञाने मान हलवली, पण ती जागची हलली नाही. कठड्याला हात टेकून एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, उत्तराची वाट पाहत. हळूहळू ते हसू विरलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. काठाशी उभ्या असलेल्या एका मुलीने बाजूच्याचा दंड धरला आणि ती मागे सरकली. मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा माणूस कठड्याच्या आत येईपर्यंत प्रज्ञा तिथेच उभी होती.